ओटी घेतलेली बाई रंगवताना: कोल्हापुरातल्या नवशिक्या चित्रकारांसाठी

नवशिक्यानं काढलेली भक्तीण लांबूनही ओळखू येते. डोळे आभाळाकडं, हात जोडलेले, डोक्यामागं लिंबाच्या फोडीसारखं पिवळं वलय, आणि जमलंच तर गालावर एक थेंब. माझं पहिलं चित्र हेच होतं. आत्तीला दाखवलं तर तिनं चष्मा वर-खाली करून बघितलं आणि विचारलं, "हिची दाढ दुखतीया व्हय रं?"

राग आला. पण दुसऱ्या दिवशी अंबाबाईच्या देवळात जाऊन कट्ट्यावर तासभर बसलो, आणि आत्तीचं बरोबर होतं. दर्शनाला आलेल्या बाया असं तोंड करतच नाहीत. त्यांना कामं असतात. नारळ सावरायचा असतो, पदर घसरू द्यायचा नसतो, पोराचं बखोट धरून ठेवायचं असतं, पुढं घुसणाऱ्या बाईला कोपरानं अडवायचंही असतं. भाव दिसतो तो हातांत, खांद्यांत, मानेत. चेहरा बऱ्याचदा अगदी साधा असतो, भाजी निवडताना असतो तसा.

तेव्हापासून शिकायला येणाऱ्या पोरांना मी एकच क्रम सांगतो: बाई काय करतेय ते आधी काढा, ती कशी दिसतेय ते मागाहून. खालच्या सगळ्या पायऱ्या त्याच क्रमानं आहेत. माध्यम जलरंग धरलंय. तेलरंगाचा खर्च आणि वास दोन्ही घरच्यांना सोसत नाहीत.

पहिली पायरी: देवी की भक्त, हे ठरवा

या दोन वेगळ्या वाटा आहेत. देवी काढायची तर मूर्तिशास्त्राचे नियम आले, तिथं मनाचं चालत नाही. अंबाबाईचंच घ्या. खालच्या उजव्या हातात म्हाळुंगाचं फळ, वरच्या उजव्या हातात गदा, वरच्या डाव्या हातात ढाल, खालच्या डाव्या हातात पानपात्र. मस्तकावर नाग, मागं सिंह. नवशिके मात्र कॅलेंडरातली लक्ष्मी समोर ठेवतात: कमळावर उभी, हातातून नाणी पडतायत, शेजारी हत्ती. कमळावरची लक्ष्मी घराघरांत पोचली ती राजा रविवर्मांच्या छापचित्रांमुळं. १८९४ साली त्यांनी मुंबईत छापखाना काढला आणि देव भिंतीवर आले. चित्र सुंदर आहे, पण खाली 'करवीरनिवासिनी' लिहून ते कोल्हापुरात लावलंत तर पहिला बघणारा विचारेल, "गदा कुठाय?"

म्हणून पहिलं चित्र भक्ताचं काढा. तिला दोनच हात असतात आणि तेवढेच आधी जमायला पाहिजेत.

दुसरी पायरी: एकच कृती निवडा

कोल्हापुरात विषयांची ददात नाही. आषाढात पंचगंगेला नवं पाणी आलं की पेठापेठांतून टेंबलाईची जत्रा निघते. डोक्यावर पाण्याचा कलश घेतलेल्या पोरी-बाया आणि पुढं 'पी ढबाक' वाद्य वाजत असतं. आषाढी एकादशीला नंदवाळकडं दिंड्या जातात, त्यात तुळशीवृंदावन डोक्यावर घेतलेल्या माळकरी बाया. चैत्रात जोतिबाचा डोंगर गुलालानं भरतो. आणि बारमाही म्हणाल तर महाद्वार रोडवर ओटीचं सामान घेणाऱ्या बाया आहेतच.

माझा सल्ला ओटीचा. कारणं रोकडी आहेत. बाई एका जागी उभी असते, दोन्ही हात गुंतलेले असतात, आणि ओंजळीत नारळ, खण, तांदूळ, हळदकुंकू असं रंगांचं सगळं ताट आयतं मांडलेलं असतं. डोक्यावरची तुळस दिसायला भारी, पण तिथं मान चुकली की चित्र संपलं. चुंबळीवर वजन असलेली मान ताठ असते, हनुवटी किंचित आत येते, डोळे वळतात पण डोकं वळत नाही. नवशिके ती मान कलती काढतात आणि वृंदावन आता पडणार असं वाटायला लागतं. दुसऱ्या किंवा तिसऱ्या चित्राला हा विषय घ्या.

संत स्त्री काढायची असेल तर जनाबाई घ्या, मीराबाई नंतर. मीरा म्हटलं की एकतारी आणि पांढरी साडी आपोआप हातातून उतरते, काही बघावंच लागत नाही. जनाबाईला जातं आहे. जात्यावर बसलेल्या बाईचा एक पाय पसरलेला असतो, पाठीला बाक असतो, खुंट्यावरचा हात ताणलेला असतो. हे कुणाकडून तरी करवून घेऊन बघितल्याशिवाय काढताच येत नाही.

तिसरी पायरी: आठवडाभर नुसतं बघा

रंग आणू नका अजून. एक छोटी वही, एक टूबी पेन्सिल, बस्स.

अंबाबाईच्या देवळात गाभाऱ्यात फोटो काढू देत नाहीत, आणि चित्रकाराच्या दृष्टीनं ते बरंच आहे. बाहेर प्रदक्षिणेच्या वाटेवर भिंतीकडं बघत चला. देवळाच्या बाह्यभिंतीवर दगडात कोरलेल्या स्त्रिया आहेत, योगिनी, नर्तकी, वाद्य वाजवणाऱ्या. हजारो माणसं रोज त्यांच्या शेजारून जातात आणि त्यांच्याकडं कुणी बघत नाही. एका पायावर भार, कमरेला वळण, विरुद्ध बाजूचा खांदा खाली: शरीराचा तोल कसा बसतो हे शिकायला याहून चांगला फुकट वर्ग नाही. रोज एकच मूर्ती घ्या. अलंकार काढू नका, फक्त डोक्यापासून टाचेपर्यंतची मधली रेघ आणि खांद्याची, कमरेची तिरपी रेघ.

सुट्टीच्या दिवशी जमलं तर शिरोळ तालुक्यातल्या खिद्रापूरला जा. कृष्णाकाठचं कोपेश्वर मंदिर शिलाहार काळातलं. ४८ खांबांचा स्वर्गमंडप बघायला सगळे जातात, तुम्ही बाहेरच्या भिंतीवरच्या सुरसुंदरींपाशी, म्हणजे कोरलेल्या अप्सरांपाशी थांबा. डबा घेऊन जा, दिवस तिथंच मोडतो.

किरणोत्सवाच्या दिवसांतही एक चक्कर मारा. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आणि जानेवारीअखेर-फेब्रुवारीच्या सुरुवातीला मावळतीची किरणं महाद्वारातून सरळ आत येतात, आणि हवा स्वच्छ असेल तर दिवसागणिक मूर्तीच्या पायांपासून चेहऱ्यापर्यंत चढतात. सगळी गर्दी मूर्तीकडं बघत असते. तुम्ही गर्दीकडं बघा. सपाट, सोनेरी, बाजूनं येणारा उजेड बायांच्या गालावर, नथीवर, पदराच्या काठावर कसा थांबतो ते डोक्यात साठवा. तो पुढं कामाला येणार आहे.

जुन्यांचंही थोडं बघा. महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) हे मूळ आपल्याच गावचे, कोल्हापुरात जन्मलेले, मुंबईत जे. जे. कलाशाळेत शिकले आणि तिथंच मोठे झाले. बाई कशी उभी राहते, घागर कशी घेते, पदर कसा सावरते हे त्यांच्याइतकं बारकाईनं फार थोड्यांनी टिपलं. बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) तर कुठल्याच कलाशाळेत न जाता नाटकांचे पडदे रंगवत शिकले. "मला क्लास नाही" म्हणून रडणाऱ्यांना मी त्यांचं नाव सांगतो. गावातलं टाउन हॉल संग्रहालय, राजारामपुरीतलं चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालय, आणि दसरा चौकातल्या शाहू स्मारकाच्या कलादालनात जे काही लागलं असेल ते, एवढं या आठवड्यात उरकून घ्या. पुढं कधी साताऱ्याकडं गेलात तर औंधच्या श्री भवानी संग्रहालयात रविवर्मांची मूळ चित्रं आहेत. छापातली साडी आणि मूळ रंगातली साडी यांत किती अंतर आहे ते तिथं कळतं.

चौथी पायरी: माणसाला विचारा

देवळाबाहेर बसून गर्दीचं रेखाटन करायला कुणाची हरकत नसते. पण एकाच बाईकडं दहा मिनिटं टक लावून बघायचं असेल तर सरळ जाऊन सांगा: "मावशी, मी चित्रं काढतो, तुमचे हात काढू का?" चेहरा काढू का म्हटलं तर लाजतात, नाही म्हणतात. हात म्हटलं की हसतात आणि उभ्या राहतात. हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे.

जोगतिणीचं वेगळं आहे. डोक्यावर जग म्हणजे देवीची मूर्ती ठेवलेली टोपली, कपाळभर भंडारा, गळ्यात कवड्यांची माळ. चित्रकाराला मोह पडतोच. पण त्या बाईच्या वाट्याला आलेलं आयुष्य भंडाऱ्याइतकं पिवळंधमक नसतं. बोलायला बसा, चहा प्या, ती हो म्हणाली तरच वही काढा, आणि तिचा वेळ घेतलात तर त्याचे पैसे द्या. ते जमणार नसेल तर विषय सोडा.

पाचवी पायरी: घरी उभं करा

आता आई, आत्ती, वहिनी, काकी, जी कुणी अर्धा तास उभी राहील तिला धरा. शक्यतो जी रोज लुगडं नेसते तिला. कार्यक्रमापुरती शिवलेली नऊवारी घातलेली पोरगी आणि नेसलेली बाई यांत फरक आहे. शिवलेल्या नऊवारीला निऱ्या असतात पण ओढ नसते. आपल्याकडं थोरल्या बायकांच्या अंगावर इरकल असते, गडद हिरवी नाहीतर निळी, लाल-पांढऱ्या पदराची, आणि खणाची चोळी. ही जोडी रंगवायला सोपी आहे, कारण अंगभर नक्षी नसते. पैठणीच्या नादाला पहिल्या चित्रात लागू नका.

तिला खिडकीजवळ उभं करा. उजेड एकाच बाजूनं आला पाहिजे, ट्यूबलाइट बंद. हातात खरा नारळ द्या, खाली खण, वर तांदूळ. प्लास्टिकचा डबा देऊन "नारळ समजा" म्हणू नका. नारळाचं वजन हातात आल्याशिवाय कोपरं बरगड्यांना टेकत नाहीत आणि अंगठे वर येत नाहीत. ओंजळ छातीशी असते, नारळाची शेंडी देवीकडं. शेंडी स्वतःकडं काढलेलं एक चित्र मी प्रदर्शनात लावलं होतं. तिथं आलेल्या प्रत्येक आज्जीनं ते मला वेगवेगळं सांगितलं.

फोटो काढून ठेवा, पण मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यानं नको. काही फोनमध्ये तो प्रतिमा आरशासारखी उलटी जपतो. मग नथ उजव्या नाकपुडीत जाते, पदर उजव्या खांद्यावर येतो, आणि तुम्ही चार दिवस खपून उलटी बाई रंगवता. महाराष्ट्रात नथ डावीकडं, पदर डाव्या खांद्यावरून. कागदावर पहिली रेघ ओढण्याआधी हे दोन्ही तपासा.

सामान

कागद सोडून बाकी सगळं स्वस्तातलं चालेल. कागद मात्र जाड, ३०० जीएसएमचा, शक्यतो सुती, क्वार्टर इम्पिरियल म्हणजे साधारण ११ × १५ इंच. पातळ कागद पाणी लागलं की पापडासारखा फुगतो आणि दोष आपल्या हाताला लागतो. कागद चारी बाजूंनी पट्टीनं बोर्डावर चिकटवा. ब्रश तीन: गोल, ४, ८ आणि १२ नंबर.

रंग सातच घ्या: यलो ऑकर, बर्न्ट सिएना, बर्न्ट अंबर, व्हर्मिलियन, एक गडद लाल, अल्ट्रामरीन निळा, सॅप ग्रीन. काळा आणू नका. काळे केस अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबरच्या दाट मिश्रणानं काढा, ते जिवंत दिसतात.

गुलाबी रंगाबद्दल सावध करतो. जोतिबाचा गुलाल काढायचा म्हणून सगळे दुकानातून झगझगीत ओपेरा गुलाबी आणतात. तो उजेडात उडतो. स्वस्त पेटीतला क्रिमसन लेकही तसाच, आणि अलिझरिन क्रिमसनही. टिकाऊ हवं असेल तर ट्यूबवर क्विनॅक्रिडोन लिहिलेलं बघून घ्या. थोडा महाग पडतो, पण कुंकू दहा वर्षांनी उडालेलं बघवत नाही.

सहावी पायरी: रेखाटन

आधी साध्या कागदावर काढा, खाडाखोड तिथंच संपवा, मग खिडकीच्या काचेवर धरून चांगल्या कागदावर हलक्या हातानं उतरवा. जलरंगाच्या कागदावर रबर घासला की तिथला पृष्ठभाग फाटतो आणि रंग डाग होऊन बसतो.

कमरेपर्यंतची आकृती घ्या. सुरुवात ओंजळीपासून करा, डोक्यापासून नको. हे विचित्र वाटेल. शाळेत सगळ्यांनी लंबगोल काढून सुरुवात केलेली असते. पण डोकं आधी काढलं की ते मोठं होतं, आणि हात कागदाच्या तळाशी उरलेल्या जागेत कोंबले जातात. ओंजळ कागदाच्या मध्याच्या किंचित खाली ठेवा, तिथून मनगटं, कोपरं, खांदे, आणि शेवटी डोकं. माप एकच लक्षात ठेवा: हाताचा पंजा चेहऱ्याएवढा असतो, हनुवटीपासून केसांच्या सुरुवातीपर्यंत. नवशिक्यांचे हात कायम लहान होतात, बाहुलीसारखे. बाईमाणसाचे नाजूक हात म्हणून आणखी लहान करतात. कामाच्या बाईचे हात नाजूक नसतात, पेरं ठसठशीत असतात. तशीच काढा.

लुगड्याच्या चुण्या मोजत बसू नका. कापड कुठं अडकलंय ते शोधा: खांदा, कोपर, कमर. चुण्या तिथूनच निघतात आणि दुसऱ्या अडकलेल्या जागेकडं जातात. डोक्यावरचा पदर कानामागं थोडा फुगतो, कारण खाली आंबाडा असतो. तो फुगवटा विसरलात तर पदर टॉवेलसारखा दिसेल.

सातवी पायरी: रंग

फिक्याकडून गडदाकडं, हा जलरंगाचा धर्म. पांढरं म्हणजे कागदच. नथीचे मोती, बांगडीवरची चमक, तांदळाचे दाणे, पदरातला पांढरा भाग हे सगळं आधीच पेन्सिलीनं घेरून ठेवा आणि तिथं ब्रश नेऊ नका.

पहिला हात यलो ऑकरचा, भरपूर पाण्यात, चेहरा, हात आणि पार्श्वभूमी सगळ्यावरून एकदम. पूर्ण वाळू द्या. पंखा लावा, चहा घ्या, हात लावू नका. दुसरा हात त्वचेचा: ऑकर आणि बर्न्ट सिएना, गालावर आणि बोटांच्या टोकांना किंचित व्हर्मिलियन. सावलीला त्याच मिश्रणात अल्ट्रामरीनचा एक थेंब. गोरेपणाचा हट्ट सोडा. आपल्या बायकांचा रंग उन्हातला आहे आणि त्यावर कुंकू, हिरव्या बांगड्या, सोनं जास्त खुलतं.

इरकलीचा हिरवा एका दमात भरा; ब्रश १२ नंबरचा, कागद उभट धरून, वरून खाली. मध्येच थांबून फोन घेतलात तर तिथं काठ पडतो. हिरवा ओला असतानाच चुणीच्या खोलगट भागात गडद मिश्रण सोडा, ते आपोआप पसरतं. नारळ, खण, हळदकुंकू शेवटी. सगळ्यात झळझळीत रंग ओंजळीतच ठेवायचा, दुसरीकडं कुठंही नाही. डोळा तिथं गेला पाहिजे.

दिव्याच्या उजेडात काढायचं असेल तर सावळाराम हळदणकरांचं ते प्रसिद्ध चित्र बघा, एका हातात समई घेऊन दुसऱ्या हातानं ज्योत झाकणारी तरुणी. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. पुष्कळ लोक ते रविवर्मांचं समजतात आणि तैलचित्र समजतात. दोन्ही चूक, ते जलरंगात आहे. त्यासाठी उभी राहिलेली हळदणकरांची मुलगी पुढं आपल्या कोल्हापुरातच राहिली, शंभरी ओलांडून २०१८ साली इथंच गेली. त्या चित्रात ज्योत जवळजवळ दिसत नाही. दिसतात ती उजेडानं आतून तांबूस झालेली बोटं. नवशिका नेमकं उलटं करतो, ज्योत ढोबळ पिवळी काढतो आणि हात तसेच सोडतो. रात्री दिवे घालवून निरांजनापुढं स्वतःचा पंजा धरा आणि दहा मिनिटं बघा. कडेला तांबडं, मध्ये गडद, आणि चेहऱ्यावर सावली खालून वर. मग ब्रश उचला.

दागिने

थोडे काढा. कोल्हापुरी साज पूर्ण असला तर त्यात २१ पानं असतात. कमरेपर्यंतच्या चित्रात ती एकेक काढायला गेलात तर गळ्यात किड्यांची रांग दिसते. मधली तीन-चार स्पष्ट, बाकीची नुसती ऑकरची टिंबं. गुजरीत, म्हणजे सराफांच्या पेठेत, एखाद्या दुकानाच्या काचेबाहेर उभं राहून साज, ठुशी, बोरमाळ, पुतळ्यांची माळ यांचा आकार वहीत घेऊन या. शेतातून थेट आलेल्या बाईच्या गळ्यात मात्र डोरलं आणि एखादी बोरमाळ, एवढंच शोभतं. सोन्याला सोनेरी रंग वापरू नका. ऑकर, त्यावर बर्न्ट सिएनाची सावली, आणि एक कोरा ठिपका, झालं सोनं.

शेवटची पायरी: चेहरा

आता चेहरा. इथवर हात नीट झाले असतील तर चेहऱ्याला फार काही करावं लागत नाही. नजर ओंजळीकडं किंवा सरळ समोर. ओठ मिटलेले, हसू नाही. पापणी खाली असली तर बुबुळ काढायची गरजच नाही, एक जाड रेघ पुरते. कुंकू ब्रशच्या एका टेकवणीत. पुन्हा टेकवलात तर पसरतं.

वलय काढायची फारच इच्छा झाली तर डोक्यामागची पार्श्वभूमी थोडी फिकी ठेवा. तेवढं चालतं.

चित्र पूर्ण वाळल्यावर, चौकटीला देण्याआधी, जी उभी राहिली होती तिला दाखवा. ती चित्रकलेबद्दल काहीही बोलणार नाही. "पदर असा नसतोय" म्हणेल, "बांगड्या विषम कशा घातल्यास" म्हणेल. ते सगळं मागच्या बाजूला पेन्सिलीनं लिहून ठेवा, तारखेसकट. पुढच्या चित्राला लागतं. चौकटवाल्याला चित्राभोवती पुठ्ठ्याचा माउंट लावायला सांगा, म्हणजे काच कागदाला टेकत नाही. टेकली की पावसाळ्यात बुरशी धरते. आणि भिंत अशी निवडा की दुपारचं ऊन चित्रावर येणार नाही.